तळ्याच्या गाळाची जमीन आणि तिचा निचरा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. परदेशी मृदा सर्वेक्षणाच्या अहवालांत ‘प्राचीन सरोवराच्या गाळात तयार झालेली, अतिशय खोल, उत्तम निचऱ्याची जमीन’ असे वर्णन वारंवार येते. आपल्या कोल्हापूर भागात मात्र तलावातला गाळ शेतात जरा जास्त पडला की जमीन चिबडते, म्हणजे पाणी धरून राहते, असा घरच्या शेतीतला अनुभव आहे. मग सरोवराच्या तळाची माती उत्तम निचऱ्याची कशी असू शकते, अशा जमिनीचे गुणधर्म कोणते, वर्गीकरणात ती कुठे बसते आणि पंचगंगेकाठची मळी, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन, याच जातीची समजावी का? मृदा सर्वेक्षणाच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ मी खड्ड्यांत उतरत राहिलो आणि नोकरीच्या सुरुवातीला नेमका याच मुद्द्यावर फसलो होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

गाळाने जमीन चिबडते हा आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारण गाळ बसण्याच्या रीतीत आहे. पाण्यात तरंगणाऱ्या कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग चौथाईवर येतो. ०.००२ मिलिमीटर व्यासाच्या कणाला २० अंश सेल्सिअसच्या निश्चल पाण्यात अवघे १० सेंटीमीटर खाली यायला सुमारे ८ तास लागतात. प्रयोगशाळेत पिपेट पद्धतीने चिकणमातीचे प्रमाण काढताना आपण हेच आठ तास घड्याळ लावून मोजतो. इतक्या बारीक कणाला खाली बसायचे तर पाणी जवळजवळ थांबलेले हवे. वाहती नदी असा कण बसू देत नाही, तलाव बसू देतो. म्हणून रंकाळ्यासारख्या तलावाच्या मधल्या भागातून काढलेला गाळ हातात घेतला तर तो शाडूसारखा चिकट लागतो, बोटांमध्ये दाबून त्याची लांब पट्टी निघते आणि वाळल्यावर त्याचे ढेकूळ हातोडीखेरीज फुटत नाही. असा गाळ हलक्या माळरानावर बेताने टाकला तर सोने होते आणि मुळात भारी असलेल्या काळ्या जमिनीवर ट्रॉलीमागून ट्रॉली ओतला तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लांबतो.

पण तळ्याचा मधला भाग म्हणजे सगळे तळे नव्हे. ओढा किंवा नदी तळ्याला मिळते त्या मुखाशी वेग तुटतो आणि रेती तिथेच पडते. काठावर लाटांनी धुतलेली वाळू आणि गोटे साचतात. त्याच्या आत पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड कण बसतात. आणि सगळ्यांत खोल, शांत भागात चिकणमाती. शिवाय तळ्याची पातळी शतकानुशतके वरखाली होते, त्यामुळे आज जिथे काठ आहे तिथे पूर्वी खोल पाणी असू शकते आणि एकाच खड्ड्यात चिकणमातीवर वाळू, वाळूवर पोयटा अशी पाने एकावर एक सापडतात. हिमनदीच्या पाण्यावर पोसलेल्या सरोवरांत तर ही पाने वर्षागणिक पडलेली असतात: उन्हाळ्यात बर्फ वितळून आलेल्या पोयट्याचा फिकट, जाडसर पदर आणि हिवाळ्यात गोठलेल्या पृष्ठाखाली निवांत बसलेल्या चिकणमातीचा गडद, पातळ पदर. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. ‘सरोवराचा गाळ’ या दोन शब्दांत इतका सगळा फरक झाकला जातो, हे आधी ध्यानात घ्यावे.

निचऱ्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि तो गाळ बसताना ठरत नाही. तो ठरतो तळे निघून गेल्यावर: पाणी कसे गेले, गाळ कोणत्या उंचीवर उरला, नदीने त्याला किती खोल कापले आणि हवामानाने त्याला किती काळ वाळू दिले, यांवर. माझ्या मते या विषयातला कळीचा मुद्दा एवढाच आहे आणि पुष्कळ विद्यार्थी तो चुकवतात, कारण ते उगमद्रव्याच्या, म्हणजे माती ज्यापासून झाली त्या गाळाच्या वा खडकाच्या, नावावरून निचरा ओळखू पाहतात.

काश्मीरचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. पीर पंजाल पर्वतरांग उचलली जात असताना खोऱ्याचे पाणी अडले आणि सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीपासून तिथे सरोवर आणि नद्यांचा गाळ साचत गेला; त्याची जाडी हजार मीटरच्या पुढे जाते. सतीसर नावाचे सरोवर कश्यप ऋषींनी रिकामे केले अशी तिथली पुराणकथा आहे. भूशास्त्र इतकेच सांगते की पर्वतांची हालचाल चालू राहिली आणि झेलमला बारामुल्लाजवळ वाट मिळाली. सरोवर ओसरल्यावर नदीने जुना तळ कापत नेला आणि उरलेले सपाट माथ्याचे उंच टप्पे आज ‘करेवा’ या नावाने ओळखले जातात; काश्मिरी माणूस त्यांना वुडर म्हणतो. झेलमच्या पूरमैदानातून पाहिले तर करेवाची कड भिंतीसारखी उभी दिसते. पांपोरचे केशर याच माथ्यावर होते, आणि केशराचा कंद पाण्यात दोन-चार दिवस बसला तर कुजतो. सरोवराच्या तळावर केशर पिकते, याचा अर्थ तो तळ आज नदीच्या आणि भूजलाच्या पुष्कळ वर आहे. खालच्या पूरमैदानात तशाच खोऱ्यातून आलेल्या गाळावर भात लावतात.

अमेरिकेतली दोन सरोवरे शेजारी ठेवून पाहावीत, कारण अहवालांतली बहुतेक वर्णने तिथूनच आलेली असतात. शेवटच्या हिमयुगात युटामध्ये बॉनव्हिल नावाचे सरोवर होते. भरात असताना त्याचे क्षेत्र सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर आणि खोली ३०० मीटरच्या आसपास होती. त्याने रेड रॉक खिंडीचा नैसर्गिक बांध फोडला, पातळी खाली आली, पुढे हवामान कोरडे होत गेले आणि आता ग्रेट सॉल्ट लेक हा त्याचा खारट अवशेष उरला आहे. जुन्या किनाऱ्यांच्या रेषा डोंगरउतारांवर पायऱ्यांसारख्या दिसतात. त्या पायऱ्यांवरचा पोयटा आणि बारीक वाळू म्हणजेच तुमच्या अहवालातली उत्तम निचऱ्याची जमीन. तिच्यावर फळबागा उभ्या राहिल्या. त्याच सरोवराच्या मध्यभागी मात्र मिठाची पांढरी मैदाने आहेत. दुसरे अगासिझ, म्हणजे वितळत्या हिमस्तराच्या कडेला अडलेले महाप्रचंड सरोवर. त्याचा तळ म्हणजे नॉर्थ डकोटा, मिनेसोटा आणि मॅनिटोबातून उत्तरेकडे वाहणाऱ्या रेड नदीचे खोरे. ते इतके सपाट आहे की नदीला त्यात खोल कापायला वावच मिळालेला नाही. तिथली फार्गो ही माती चिकण, काळी, भेगाळणारी आणि अपुऱ्या निचऱ्याची आहे. त्याच सरोवराच्या कडेचे जुने वाळूचे बांध मात्र झटकन कोरडे होतात. दोन्हीकडे गाळ सरोवराचाच आहे. फरक पडला तो उंचीचा, उताराचा, कणांच्या आकाराचा आणि गेलेल्या काळाचा.

आता गुणधर्मांकडे येऊ. उत्तम निचऱ्याच्या सरोवरी जमिनीत फावडे मारताना पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे दगडाचा अभाव. आपल्याकडे माळावर अर्धा मीटर खणले की मुरूम लागतो. इथे दीड-दोन मीटर खाली गेले तरी खडा लागत नाही, ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, लोण्यातून जावा तसा जातो. मुळांना अडथळा नसतो. पोत बहुधा पोयट्याकडे झुकलेला असतो: ओली माती चिमटीत चोळली तर मैद्यासारखी गुळगुळीत लागते, पण चिकटत नाही आणि बोटांमध्ये दाबून काढलेली पट्टी दोन-अडीच सेंटीमीटरवर मोडते. अशी माती मीटरभर खोलीत साधारण १५ ते २० सेंटीमीटर उपलब्ध पाणी धरते आणि जास्तीचे सोडूनही देते. निचरा आणि धारणा यांचा असा मेळ फार थोड्या मातीत आढळतो, म्हणून बागायतदाराला ती आवडते.

चुनखडी हा दुसरा ठळक गुण आहे. सरोवराच्या पाण्यात विरघळलेला चुना शेवाळाच्या आणि शंखशिंपल्यांच्या कृपेने तळाशी बसतो, आणि तळे गेल्यावर पावसाचे पाणी त्याला वरच्या थरातून धुऊन खाली नेते. त्यामुळे वरच्या ३०-४० सेंटीमीटर मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर काही होत नाही आणि खाली गेल्यावर तोच थेंब फसफसतो. फसफस कुठून सुरू होते ती खोली लिहून ठेवावी. पाणी आजवर किती खोल झिरपत आले आहे याची ती खूण असते. पुरेसा कॅल्शियम असल्याने चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, कणरचना बनते आणि निचऱ्याला तिचीही मदत होते. याउलट बंदिस्त, बाहेर वाट नसलेल्या सरोवरांच्या मध्यभागी सोडियम साचतो, कण विखुरतात, आणि आपण ज्याला चोपण म्हणतो तशी जमीन तयार होते.

खनिजांवर वेगळे बोलायला हवे, कारण इथे आपल्याकडच्या माणसाची हमखास गफलत होते. आपण चिकणमाती म्हटले की उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी काळी माती डोळ्यांपुढे आणतो. ती भेगाळते ती बेसॉल्टच्या झिजेतून आलेल्या स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे, चिकण आहे एवढ्यामुळेच नव्हे. काश्मीरच्या गाळात अभ्रकाच्या कुळातले इलाइट प्रबळ आहे. ते फारसे फुगत-आकसत नाही आणि पोटॅशचा साठाही बाळगते. त्यामुळे चिकणमातीचे तेवढेच प्रमाण असूनही तिथली माती आपल्या रेगुराइतकी आवळत नाही. सरोवराच्या पाणलोटात कोणता खडक होता हे विचारल्याखेरीज सरोवराच्या चिकणमातीबद्दल काही बोलू नये. फार्गोची माती भेगाळते, कारण तिच्या गाळातही स्मेक्टाइट आहे.

दोषही आहेत. पोयट्याच्या कणांना ना वाळूचे वजन, ना चिकणमातीचा चिकटपणा, त्यामुळे उघड्या उतारावर पावसाने ही माती फार लवकर वाहते. करेवांच्या कडांना पडलेल्या घळी पाहिल्या म्हणजे हे पटते. वरचा पापुद्रा पावसाच्या माराने घट्ट बसतो आणि बी उगवताना अडते. पण माझ्या मते सर्वांत फसवा दोष पदरांचा आहे. जिथे मुळे, गांडुळे आणि वाळण्या-भिजण्याचे फेरे पोहोचले तिथपर्यंत सरोवराची मूळ पाने मोडून माती एकजीव झालेली असते. त्याखाली, मीटर-दीड मीटरवर, ती जशीच्या तशी शाबूत असतात. खड्ड्याच्या भिंतीवर सुरीचे टोक हलके फिरवले की पाने वहीच्या कडेसारखी दिसू लागतात, आणि पुष्कळदा एखादे मूळ सरळ खाली येता येता अशा पानावर आडवे वळलेले सापडते. अशा जागी पाणीही आडवे वळते.

इथे एक समजूत दुरुस्त करतो, कारण ती अनुभवी शेतकऱ्यांतही पक्की बसलेली आहे: खाली वाळूचा पदर असला की तो निचरा करतोच. बारीक मातीखाली वाळू आली तर वरच्या मातीतले पाणी आपल्या बारीक छिद्रांत ओढून धरलेले असते. वाळूची मोठी छिद्रे ते ओढू शकत नाहीत, आणि वरचा थर जवळजवळ संपृक्त होईपर्यंत पाणी सीमा ओलांडत नाही. घरातल्या कुंडीच्या तळाशी खडी घातली तर नेमके हेच घडते: ओलीचा पट्टा खडीच्या वर सरकतो आणि कुंडीची कामाची खोली कमी होते. म्हणून सरोवरी जमिनीच्या छेदात वाळूचा पदर दिसला तर ‘निचरा चांगला’ असे घाईने लिहू नये. त्या पदराच्या लगेच वरचा हातभर भाग किती दिवस ओला राहतो ते पाहावे.

निचरा ओळखायचा कसा, यावर ग्रंथांत सात वर्ग दिलेले असतात, अतिनिचऱ्यापासून अत्यंत अपुऱ्या निचऱ्यापर्यंत. ‘उत्तम निचऱ्याची’ या वर्गाचा अर्थ पाणी झटकन पळून जाते असा नाही. ते सहज पण सावकाश जाते आणि पिकाच्या मुळांच्या पट्ट्यात वाढीच्या काळात ओल साचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. शेतात उतरल्यावर मी आधी मालकाला विचारतो की मोठ्या पावसानंतर कितव्या दिवशी वाफसा येतो. या एका शब्दात जे सामावलेले आहे ते सांगायला इंग्रजी अहवालाला दोन ओळी लागतात. त्यानंतर रंग पाहतो. पाणी साचलेल्या मातीत हवा नसते, जिवाणू लोहाचे रूप बदलतात, लोह विरघळून हलते आणि माती राखाडी पडते. पाणी ओसरले की हललेले लोह भेगांशी आणि मुळांच्या वाटांशी नारिंगी डाग होऊन बसते. मीटरभर खोलीत असे राखाडी-नारिंगी डाग नसणे ही उत्तम निचऱ्याची नेहमीची खूण आहे.

याच खुणेने मला फसवले. पांपोरच्या बाजूला एका करेवावर खड्डा घेतला होता. वसंत ऋतू होता, बर्फ वितळून थोडेच दिवस झाले होते. ७० सेंटीमीटरखाली माती राखाडी आणि तिच्यात नारिंगी ठिपके. मी वहीत ‘अपुरा निचरा’ असे लिहून मोकळा झालो. शेताचे मालक, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, काठावर बसून पाहत होते. त्यांनी दुभाष्यामार्फत एवढेच विचारले की, मग आमच्या आज्यापासून इथे केशराचे कंद कुजले का नाहीत? माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ आले. त्यांनी मातीचा एक गड्डा हाताने मोडला, फावड्याचे लोखंड लागू न देता, कारण लोखंड लागले की पुढची चाचणी खोटी ठरते. ताज्या मोडलेल्या पृष्ठावर त्यांनी अल्फा-अल्फा डायपिरिडिलच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. सध्या पाणी साचत असते तर विरघळत्या लोहामुळे ते थेंब लाल-गुलाबी झाले असते. ते पाण्यासारखे स्वच्छ राहिले. मग भिंगातून त्यांनी ठिपक्यांच्या कडा दाखवल्या: धारदार, कापल्यासारख्या. आज घडत असलेल्या डागांच्या कडा पसरट, आजूबाजूच्या मातीत विरत गेलेल्या असतात. आणि राखाडीपणा मुळांच्या वाटांशी बांधलेला नव्हता. तो गाळाच्या मूळ पानांना धरून आडवा पसरलेला होता.

म्हणजे तो रंग सरोवराच्या काळातला होता. पाणी हजारो वर्षांपूर्वी गेले, खूण राहिली. सरोवरी गाळात असे अवशेष-रंग ही नेहमीची गोष्ट आहे, आणि केवळ रंगाच्या तक्त्यावर विसंबून निचऱ्याचा वर्ग लिहिणारा इथे हटकून चुकतो. एका भेटीत निकाल लावण्यापेक्षा खड्ड्याच्या जागी छिद्रांची नळी पुरून वर्षभर भूजलाची पातळी पाहणे केव्हाही चांगले. तेवढा वेळ नसेल तर ओल्या हंगामात थेंबांची चाचणी करावी आणि पिकाचा इतिहास विचारावा.

आता वर्गीकरण. अमेरिकन ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ १९७५ साली प्रथम ग्रंथरूपाने आली, तिच्यात आज १२ गण आहेत, आणि आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे नकाशेही याच पद्धतीने काढलेले आहेत. या पद्धतीच्या वरच्या पायऱ्यांवर ‘सरोवर’ हा शब्द कुठेच नाही. माती कशातून झाली याला तिथे थेट स्थान नाही. तिच्यात आज कोणते थर ओळखता येतात, ती किती काळ ओली राहते आणि तिचे तापमान काय, यांवर नाव ठरते. सरोवराचा उल्लेख येतो तो सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे सिरीजच्या (एकसारख्या थरांच्या जमिनींच्या स्थानिक गटाच्या) वर्णनात. तुम्ही वाचलेले वाक्य तिथलेच आहे.

म्हणून एकाच सरोवराच्या तळावर वेगवेगळे गण शेजारी शेजारी नांदतात. गाळाची मूळ पाने अजून शाबूत असतील आणि थर बनलेच नसतील तर एन्टिसोल. पाने मोडून रंग आणि कणरचना बदललेला मधला थर दिसू लागला की इन्सेप्टिसोल. गवताळ कोरड्या प्रदेशात वर गडद, मऊ, कर्बयुक्त जाड थर तयार झाला आणि त्यात कॅल्शियमसारख्या धन आयनांनी मातीच्या कणांवरच्या, असे आयन धरणाऱ्या निम्म्याहून अधिक जागा व्यापल्या तर मोलिसोल. युटाच्या पायऱ्यांवर हा गण वारंवार मिळतो आणि खाली चुनखडी साचलेला थर १५ टक्के चुन्याच्या आणि १५ सेंटीमीटर जाडीच्या अटी पूर्ण करत असेल तर नावात ‘कॅल्सिक’ हा शब्द येतो. चिकणमाती वरून खाली उतरून मधल्या थरात साचली असेल तर, वरचा थर गडद नसल्यास, अल्फिसोल. वरच्या थरात १५ ते ४० टक्के चिकणमाती असताना खालच्या थरात तिचे प्रमाण किमान १.२ पट हवे आणि गड्ड्यांच्या पृष्ठावर मेणासारखा पातळ लेपही दिसायला हवा. करेवांवर अल्फिसोल आणि इन्सेप्टिसोल दोन्ही नोंदलेले आहेत. ३० टक्क्यांहून अधिक फुगणारी चिकणमाती, खोल भेगा आणि एकमेकांवर घासून चकचकीत झालेले तिरके पृष्ठ दिसले तर व्हर्टिसोल. फार्गो तिथे बसते, तीही ओलसर उपगणात.

पुढची पायरी कुळाची, आणि व्यवहारात मला तीच अधिक उपयोगी वाटते. साधारणपणे २५ ते १०० सेंटीमीटरच्या पट्ट्यातला पोत, खनिजे आणि तापमान यांवर कूळ ठरते. चिकणमाती १८ ते ३५ टक्के आणि बारीक वाळू किंवा त्याहून जाड कण १५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर ‘फाइन-सिल्टी’. चिकणमाती १८ टक्क्यांखाली आली तर ‘कोअर्स-सिल्टी’. ३५ ते ६० टक्के असेल तर ‘फाइन’. उत्तम निचऱ्याच्या सरोवरी जमिनी पुष्कळदा पहिल्या दोन कुळांत येतात. एखाद्या अहवालात हे शब्द दिसले, शेजारी निचऱ्याचा वर्ग दिसला आणि नावात ‘अ‍ॅक्विक’ (ओलसर) हा शब्द नसेल, तर जमिनीचे चित्र बरेचसे डोळ्यांपुढे उभे राहते. आंतरराष्ट्रीय डब्ल्यूआरबी पद्धतीची, म्हणजे ३२ संदर्भगटांच्या पद्धतीची, वाट थोडी निराळी आहे: तिच्यातल्या ‘फ्ल्युव्हिक द्रव्या’च्या व्याख्येत नदी आणि समुद्राच्या गाळाबरोबर सरोवराचा गाळही येतो, पण पदर दिसत असतील तेव्हाच. पदर पुसले गेले की तीच माती कँबिसोल, लुव्हिसोल किंवा कॅल्सिसोल होते.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. जुन्या सरोवराच्या सपाट तळावर पुढे वाऱ्याने आणलेली धूळ बसते आणि ती धूळही पोयट्याचीच असते. काश्मीरच्या करेवांवर अशा लोएसचे आवरण जागोजाग आहे. वरचा दीड-दोन मीटर थर वाऱ्याचा आणि त्याखाली सरोवराचा, असे असेल तर त्या जमिनीला सरोवरी म्हणणे चूक ठरते. पीक वाऱ्याच्या मातीवर उभे असते. आडवी पाने अजिबात नसणे, उभ्या कड्यासारखी तुटण्याची सवय आणि पोताचा विलक्षण एकसारखेपणा या लोएसच्या खुणा आहेत. दोन द्रव्यांची सीमा खड्ड्यात सापडली तर तिच्याखालच्या थरांच्या नावाच्या आधी २ हा आकडा लावतात. हा आकडा विसरलेले कित्येक अहवाल मी पाहिले आहेत, माझा एक स्वतःचाही.

राहिली पंचगंगा. आपल्या दख्खनमध्ये सरोवराचा गाळ अजिबात नाही असे नाही. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांचे थर नागपूरच्या टाकळीजवळ आणि मुंबईतही सापडतात आणि त्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, बेडकांचे जीवाश्म आहेत. पण ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे, दगड झालेले थर आहेत. त्यांच्या झिजेतून झालेली माती ही खडकाची माती मानावी. पंचगंगेची मळी याहून अगदी वेगळी. ती सह्याद्रीच्या बेसॉल्टची झीज, नदीने पुरामागून पूर काठावर टाकलेली. काठाजवळ जाड कण, लांब गेल्यावर बारीक, हा क्रम नदीचा आहे. वर्गीकरणात ती बहुधा इन्सेप्टिसोल किंवा व्हर्टिसोलमध्ये जाते, आणि तिच्या कुळाच्या नावात स्मेक्टाइट असतेच. शिरोळकडे जी जमीन क्षारपड झाली आहे आणि जिथे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाईप घालून पाणी काढावे लागते, तिच्या निचऱ्याची अडचण सपाटी, स्मेक्टाइट आणि उसाला दिलेले बेसुमार पाणी या तिन्हींतून आली आहे.

तरीही सरोवर कसे काम करते हे कोल्हापूरच्या माणसाने घरबसल्या पाहिलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडीच्या परिसरात दिवसचे दिवस थांबून राहिले आणि तेवढे दिवस ती शेते खरोखर तळ्याचा तळ झाली. पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्यांच्या उसाच्या शेतात गेलो होतो. सरीत बोटभर जाड गाळ बसला होता आणि उन्हाने तो पापडासारखा तडकून त्याच्या कडा वर वळल्या होत्या. एक पापड उचलून मोडला: खालची बाजू खरखरीत, पोयट्याची, वरची बाजू लोण्यासारखी, शेवटी सावकाश बसलेल्या चिकणमातीची. वरची बाजू जास्त आकसते म्हणून कडा वर उचलतात. पुढच्या वर्षी दोन नांगरटींनंतर शेतात त्याचा मागमूस नव्हता. बांधाच्या कडेला, जिथे नांगराचा फाळ पोहोचत नाही, तिथे खणले तेव्हा वीतभर खोलीवर तो पदर तसाच सापडला, आणि त्याच्यावर येऊन गवताची दोन मुळे आडवी वळलेली होती.